भालचंद्रची जर्मन

बोळिंजच्या चुरी आळीत शिरून कोणालाही भालचंद्रचं घर विचारा, माणूस आधी हसेल आणि मग रस्ता सांगेल. “गाडीवाला ना? सरळ जा. बावखलाच्या काठाला पत्र्याची शेड लागेल, शेडीतून दोन पाय बाहेर आलेले दिसतील. तोच.” पाय भालचंद्रचे, बाकीचा भालचंद्र गाडीखाली. त्याची बायको जयवंती म्हणायची, “अंतरपाट सरला तेव्हा यांचं तोंड पाहिलं ते पाहिलं. ही बया दारात आल्यापासून नुसते तळवे बघते. उद्या हरवले तर पोलिसांना फोटोसुद्धा तळव्यांचाच द्यावा लागेल.”

माणूस मुळात बागायतदाराच्या घरचा. आजोबांची पानवेल, बापाची केळी, आणि वाडीच्या मधोमध बावखल, म्हणजे बागेला पाणी पुरवणारं घरचं तळं. पण भालचंद्र वाडीत कधी रमला नाही. मॅट्रिक होऊन तो गोखिवऱ्याला साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटला आणि तिथल्या टूलरूममध्येच त्याने केस पांढरे केले. हाताला गुण होता, यात वाद नाही. भालूने घासलेला तुकडा हाती आला की लोक मोजायचे कष्ट घेत नसत. पण गुण असणं निराळं आणि तो असल्याचं माहीत असणं निराळं. भालचंद्रला ते फार चांगलं माहीत होतं. कोणी चारचौघांत बायकोला नावं ठेवली तर तो हसून सोडून देई. त्याने लावलेल्या बिजागरीला नावं ठेवली की दोन दिवस जेवत नसे.

गाडी त्या कारखान्याच्या शेठची. नव्वदच्या दशकातली, डिझेलवर चालणारी गडद निळी मर्सिडीज. शेठ गेले, कारखाना मिटला, गाडी आवारात उभ्या उभ्या कुजायला लागली, तिच्या खाली कुत्र्या व्यायला लागल्या. शेवटी शेठाणीबाईच म्हणाल्या, “भालू, तू हिच्याकडे जितकं बघतोस तितकं शेठनीसुद्धा कधी बघितलं नव्हतं. घेऊन जा.” कागदांची मुदत तेव्हा शिल्लक होती, ते लगेच नावावर झाले. शेठाणीबाईंनी गाडी का दिली असेल यावर आळीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला बराच खल केला. पण बाईंचं वय आणि भालचंद्रचं रूप बघता तो विषय फार टिकला नाही.

दोरीने ओढत गाडी वाडीत आली तेव्हा जयवंतीने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. नव्या नवरीवरून ओवाळतात तसा. पुढे ती म्हणे, “तिथंच चुकलं माझं. सवत स्वतःच्या हाताने घरात घेतली.” आणि कोणी ‘जर्मन गाडी’ म्हणून कौतुक केलं की तिचं उत्तर ठरलेलं: “जर्मनचं पातेलं निदान चुलीवर तरी चढतं हो. ही ना चुलीवर, ना रस्त्यावर.”

खोटं नव्हतं. लेकीच्या, हेमालीच्या लग्नाला गाडी तयार होणार, असं भालचंद्रने पत्रिका छापायच्या आधी जाहीर केलं होतं. पाठवणीच्या दिवशी सकाळी तो इंजिनावर वाकलेलाच होता. हेमाली गेली ती चुलतकाका सुधाकरच्या पांढऱ्याशुभ्र मोठ्या गाडीतून. निघताना ती बापाच्या गळ्यात पडली तेव्हा त्याच्या सदऱ्याला डिझेलचा वास येत होता. पोरगी त्याच वासावर जास्त रडली. सुधाकरने काच खाली करून म्हटलं, “भालूदादा, काळजी करू नको. नातवाच्या लग्नाला होईल तुझी तयार.”

सुधाकर माणूस वाईट नाही. फक्त दुसऱ्याच्या दुखण्यावर बोट ठेवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

पण भालचंद्रने केलं काय काय, तेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. डॅशबोर्डवरचं मूळ लाकूड फुगून सुटलं होतं. वाडीत वादळात पडलेला फणस होता, त्याचा ओंडका त्याने चिरून, वाळवून, तासून असा बसवला की मधाच्या रंगाची ती पट्टी बघून परका माणूससुद्धा हात फिरवायचा. मिळत नसलेले धातूचे तुकडे त्याने ओळखीच्या लेथवर स्वतः काढले. मूळच्या मंद पिवळ्या दिव्यांऐवजी नवे बसवले, मागच्या सीटला मधोमध हात टेकायची घडी केली, एसी तर कुठल्या कुठल्या गाड्यांच्या अवयवांतून जुळवला. मार्सेल त्याला म्हणे, “भाल्या, ही गाडी नाही, ही खिचडी आहे. पण चव आहे रे.”

मार्सेल निर्मळचा. गेट आणि ग्रिलचं वेल्डिंग हा त्याचा धंदा, आणि भालचंद्र हा शाळेपासूनचा रोग. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की देवळातून तडक शेडीत. फादरचं प्रवचन ऐकून झालं की भाल्याचं ऐकायचं, आणि दोन्हीकडे मान हलवायची.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो दिवस आळी विसरणार नाही, कारण ते सुरू झालं आणि बंदच होईना. त्या गाडीचा अर्धा कारभार हवेच्या ओढीवर. बारीक नळ्यांतून हवा ओढली जाते, मग दारांची कुलुपं लागतात आणि इंजिन थांबतं. कुठे नळी चिरली की चावी काढून खिशात घाला, इंजिन आपलं धडधडतंय. भालचंद्र चावी हातात धरून गाडीला प्रदक्षिणा घालतोय, धुराने बावखलावरचे बगळे उडाले, माणसं धावत आली.

सुधाकर ओट्यावरून ओरडला, “दादा, चावी तर तुझ्याकडे आहे! मग ऐकते कोणाचं?”

जयवंती पदराने नाक झाकून म्हणाली, “घरात आम्ही दोघी. दोघींची किल्ली यांच्याकडे नाही.”

शेवटी मार्सेलने बॉनेट उघडून आतला दांडा दाबला तेव्हा कुठे शांतता झाली. आणि त्या शांततेत भालचंद्र एखाद्या तान्ह्याच्या बापासारखा हसत उभा होता. ओरडली ना? मग झालं तर.

आता यातली एक गोष्ट नीट सांगतो म्हणजे पुढचं कळेल. वसईची हवा खारी, शेड पाण्याच्या काठाला, तेव्हा पत्र्याला गंज धरणारच. सीटा आणि चटया काढल्या तर गाडीचा तळ जागोजाग खाल्लेला. चालकाच्या सीटपुढे बोट दाबलं की आरपार. मार्सेलने खडूने गंजाभोवती रेघ मारली, म्हणाला, एवढं कापू आणि नवा पत्रा जोडू. भालचंद्रने ती रेघ पुसली आणि चांगली वीतभर पुढे, निरोगी पत्र्यातून नवी मारली.

“अरे, हा पत्रा धडधाकट आहे. कशाला कापतोस?”

“केळीला रोग लागला की काय करतात?”

“मला काय विचारतोस? माझ्याकडे कोंबड्या आहेत.”

“रोगट झाड मुळाच्या कांद्यासकट उपटायचं. आणि त्याच्या शेजारची चांगली दिसणारी झाडंपण. वडिलांनी माझ्या हातात कुदळ देऊन उपटायला लावलीत, केळ्यांचे लोंगर आलेली झाडं. एक कांदा राहिला की अख्खी बाग जाते.”

“भाल्या, ही केळ आहे काय?”

“गंज म्हणजे रोगच. काप.”

बापजाद्यांच्या वाडीतून भालचंद्रने उचललेलं शहाणपण एवढं एकच, आणि ते त्याने वापरलं ते इथे. मार्सेलने कापलं. निघालेल्या तुकड्यांवर डांबराचा आणि जुन्या डिंकाचा बोटभर थर होता. त्याखाली काय आहे हे कोण बघतो? नवा जाड पत्रा बसला, सांधा असा की नख अडकू नये. जुने तुकडे जयवंतीने दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिले आणि त्याच्याकडून निळी बादली मिळवली. बादली चांगली होती. अजून आहे.

अशी वर्षं गेली. आणि मग वाडी बिल्डरला द्यायचं ठरलं. सगळे चुलतभाऊ एका मताचे झाले, आणि चुरी भाऊबंद एका मताचे झाले हीच मुळात अशुभ खूण. सह्या झाल्या, भालचंद्रचीही झाली. बावखल बुजणार, घरं पडणार, नवी इमारत उठेपर्यंत ज्याने त्याने भाड्याच्या जागेत राहायचं. शेड पहिल्याच फटक्यात जाणार होती, कारण खोदाईचं मशीन तिथूनच आत यायचं होतं.

भालचंद्रने आगाशी रस्त्याला जागा बघितली. तिथल्या सेक्रेटरीने पहिला प्रश्न विचारला, गाडीचे कागद चालू आहेत का? सोसायटीत जुनी धुडं आणून टाकतात लोक, म्हणून नियम केलाय: कागद चालू तरच पार्किंग. कागदांची मुदत कधीच उलटून गेली होती. गाडीखाली झोपलेल्या माणसाला कॅलेंडर दिसत नाही. म्हणजे हिशोब सरळ झाला. आरटीओत गाडी पास होऊन पुन्हा नोंदली गेली तर ती जगेल. नाहीतर वाडीत मागे राहील ते सगळं बिल्डरची माणसं भंगारात घालणार, करारात तसं लिहिलंच होतं.

“होईल पास,” भालचंद्र म्हणाला. आणि का होणार नाही? गाडी तयार होती. खरोखर तयार होती. चावी फिरवली की थांबत होती, दारं एका टिचकीने लागत होती, निळा रंग असा की बावखलातली माडांची सावली तिच्या दारात जास्त स्वच्छ दिसे. टिंगल करून दमलेली आळी आता पाहुण्यांना दाखवायला शेडीत आणायची. सुधाकरनेही एकदा कोणी नाही असं बघून आत बसून घेतलं. जयवंतीने ते खिडकीतून पाहिलं आणि मग सगळ्या आळीला सांगितलं.

कागदांचं काम विकी नावाच्या एजंटाला दिलं. विकी म्हणजे पोरगा समजू नका; पन्नाशीचा गृहस्थ, केसांना मेंदी, गळ्यात साखळी, ऑफिस म्हणजे स्कूटरची सीट. तो सकाळी आला तो पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन. गाडीच्या अंगावर कंपनीने कोरलेला चेसिस नंबर असतो, त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उठतो, आणि तो अर्जाला लावतात. विकीने चालकाच्या सीटपुढची चटई उचलली, गुडघ्यावर बसला आणि पत्र्याचा कोपरान्‌कोपरा बघायला लागला.

“काका, नंबर कुठंय?”

“असेल ना तिथंच. नीट बघ.”

“इथंच असतो. ह्या मॉडेलला इथंच, सीटच्या पुढं. पण इथं तर…” विकीने पत्र्यावरून हात फिरवला. “काय मस्त बनवलंय हो. आरशासारखं. कोणी केलं?”

“मी,” भालचंद्र म्हणाला. ते म्हणताना त्याची छाती जरा फुगली, आणि मग हळूहळू उतरत गेली. मार्सेल दारात उभा होता. त्याने भालचंद्रकडे पाहिलं, भालचंद्रने त्याच्याकडे, आणि दोघांनाही ती वीतभर पुढे सरकवलेली खडूची रेघ दिसली. मार्सेलने छातीवर क्रूस केला. त्याला एवढंच सुचलं.

“ते तुकडे कुठं आहेत?” भालचंद्रने घरात जाऊन विचारलं.

जयवंती कपडे भिजवत होती. “कुठले तुकडे?” असं म्हणता म्हणता तिची नजर हातातल्या निळ्या बादलीवर गेली. नवऱ्याला टोमणा मारायची अशी संधी तिने आयुष्यात पहिल्यांदा सोडली. भालचंद्रला त्याचीच जास्त भीती वाटली.

भंगारवाला सापडला. गोखिवऱ्याच्या बाजूला त्याचं गोदाम. सगळं ऐकून तो आधी गंभीर झाला आणि मग न राहवून हसला. “काका, वो तो कब का पिघल गया. किसी बिल्डिंग का सरिया बनके खड़ा होगा.” परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती. मार्सेल टेम्पो चालवत होता. भालचंद्र एकेका इमारतीकडे असा बघत होता, की मार्सेलने शेवटी म्हटलं, “समोर बघ रे बाबा. मला भीती वाटते.”

विकीने दोन वाटा सांगितल्या. सरळ वाट: आपण होऊन अर्ज करा, चूक झाली म्हणून सांगा, पोलिसांकडून चौकशी होईल, कंपनीला पत्र जाईल, मग परवानगी मिळाली तर नंबर पुन्हा कोरून मिळेल. मिळतो, पण वेळ लागतो. किती ते देव जाणे. तोवर शेड उभी राहणार नव्हती. वाकडी वाट: “मनवेलपाड्याला एक माणूस आहे. ठोकून देतो नंबर. कोणाला कळत नाही.”

आता इथे भला माणूस घाबरला असता, लुच्चा माणूस हो म्हणाला असता. भालचंद्र चिडला.

“मनवेलपाड्याचा माणूस? मी पंच मारलेले साचे अजून चालतायत, आणि माझ्या गाडीवर मनवेलपाड्याचा माणूस आकडे मारणार?”

“मग तुम्हीच मारा ना काका,” विकी म्हणाला. त्याने ते सहज म्हटलं, पण पाण्यात दगड पडायचा तो पडला.

जयवंतीने अडवलं. “खोटं आहे ते.”

“खोटं कसं? गाडी तीच, आकडे तेच, मालक मीच. कागदावर आहे तोच नंबर.”

“मग आवाज कशाला खाली करताय?”

दुसऱ्या दिवशी दुपारी, आळी जेवून लवंडल्यावर, भालचंद्रने टूलरूममधून निवृत्तीला मिळालेला पंचांचा डबा काढला. तेलकट फडक्यात गुंडाळलेले एकेक आकडे. आधी फालतू पत्र्यावर हात बसवला, मग छातीखाली उशी घेऊन गाडीत पालथा पसरला आणि सुरुवात केली. एका आकड्याला एकच ठोका, दुसरा नाही. खोली सारखी, अंतर सारखं, ओळ सुतात. मार्सेल बाहेर पाळत ठेवून उभा होता आणि प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होता. भालचंद्र मात्र हळूच शीळ घालत होता. अपराध करताना माणूस इतका प्रसन्न दिसू नये. पण निवृत्तीपासून त्याच्या हाताला असं अचूक काम मिळालंच नव्हतं, आणि हाताला कायदा कळत नाही.

पासिंगच्या दिवशी जयवंती आपण होऊन गाडीत बसली. ठेवणीतली साडी, केसांत अबोलीचा गजरा. पुढच्या सीटवर बसून तिने फणसाच्या पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, “आपल्या विहिरीजवळचा का हा?” “हो.” “गरे चांगले होते त्याचे.” एवढंच बोलणं. आळी दोन्ही बाजूंना उभी. सुधाकरने नारळ फोडला, आणि त्या दिवशी तरी तो काही बोलला नाही. गाडी वाडीतून निघाली, बोळिंज नाक्यावरून वळली, विरारच्या पुलावर चढली. सिग्नलला रिक्षावाले वाकून बघत. भालचंद्रने काच खाली घेतली, कोपर बाहेर काढलं. पुलाच्या माथ्यावर जयवंती म्हणाली, “एवढा आवाज पण येत नाही हो.” लग्नानंतर तिच्याकडून मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. त्याने गियर बदलला तो इतक्या हलक्या हाताने, की तिला कळलासुद्धा नाही. तेच त्याचं उत्तर होतं.

मैदानात तपासायला अश्लेषा म्हणून एक तरुण बाई होती. डोळे तीक्ष्ण, बोलणं गोड. गाडी बघून तीही क्षणभर फॉर्म विसरली. दिवे, ब्रेक, धूर, हॉर्न, सगळं चोख. इतर गाड्यांचे लोक गोळा झाले. विकी स्कूटरवर बसून दात कोरत होता. त्याने भालचंद्रकडून एकच वाक्य घोकून घेतलं होतं: ‘नंबर जुनाच आहे, रंग तेवढा नवा मारलाय.’

बाईंनी चटई उचलली. बॅटरीचा झोत पाडला. आकड्यांवरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

“काका, हा नंबर कोणी मारलाय?”

भालचंद्रचं लक्ष त्या बोटावर. बोट एका सातावर थांबलं होतं. तो खाली वाकला.

“का मॅडम? ओळ वाकडी गेलीय का?”

विकीने कपाळावर हात मारला तो पार गेटपर्यंत ऐकू गेला असेल.

बाईंनी वर पाहिलं. “नाही काका. ओळ सरळ आहे. पण कंपनीचा सात असा नसतो.” तिने मोबाइलवर दुसऱ्या एका तशाच गाडीचा फोटो काढून दाखवला. भालचंद्रने चष्मा लावून तो लक्ष देऊन पाहिला.

“हा सात काही बरा नाही,” तो म्हणाला. “शेपटी बघा, फाटलीय. माझा चांगला आहे.”

“तुमचा चांगला आहे,” बाई म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही, असा तिचा चेहरा झाला. मग तिने त्याला झाडाखाली नेलं आणि नीट समजावून सांगितलं. “नंबर नसताना आला असतात तर अर्ज घेतला असता. पोलिसांचा दाखला, कंपनीचं पत्र, फिरावं लागलं असतं, पण वाट होती. आता नंबर हाताने मारलाय, तुम्ही माझ्यासमोर कबूल केलंत. चोरीच्या गाड्यांवर असंच मारतात. मला नोंद करावीच लागेल. एकदा ती नोंद झाली की हिचा कुठलाच अर्ज पुढं सरकत नाही. तक्रार मी करत नाही, ती तुमचं वय बघून. पण ही आता रस्त्यावर चालवायची नाही. इथून ओढून न्या.”

“गाडी चोरीची नाही, मॅडम.”

“मला दिसतंय ते. दिसतंय हे लिहायला रकाना नाही.”

जयवंती आत बसूनच होती. मार्सेल टेम्पो घेऊन आला, दोरी बांधली. जशा दोरीने ओढत गाडी वाडीत आली तशाच दोरीने निघाली. भालचंद्र सुकाणू धरून, इंजिन बंद. पुलावर मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या तेव्हा जयवंतीने काच वर केली. नवऱ्याने बसवलेला रबर चांगला होता. आवाज पूर्ण बंद झाला. आत एवढी शांतता झाली की तिला ती सोसेना, तिने पुन्हा काच खाली केली.

पुढचे दिवस आळी भलतीच सभ्यपणे वागली, आणि त्याइतकं वाईट काही नाही. कोणी चेष्टा करेना. सुधाकर एका संध्याकाळी आला, खाकरला, पायातल्या चपलेकडे बघत म्हणाला, “दादा, मी बिल्डरशी बोललोय. नव्या बिल्डिंगच्या गेटवर ठेवू तिला. शोला. बॉनेटमध्ये माती भरायची, बोगनवेल लावायची. पाटीवर तुझं नाव टाकू.”

पूर्वीचा सुधाकर असता तर तो टोमणा ठरला असता. या वेळी तो खरंच चांगुलपणाने सांगत होता.

“मातीने गंज धरतो,” भालचंद्र म्हणाला.

हेमालीने फोनवर सुचवलं, पालघरला सासरच्या वाडीत झाकून ठेवू. पण तिथे न्यायची तर पुन्हा दोरी, पुन्हा रस्ता, आणि झाकून ठेवायची ती कशाची वाट बघत? भालचंद्रने विचार केला, आणि नको म्हणाला. त्याच्या मागे ती कोणाच्या तरी गळ्यातलं लोढणंच होणार. मार्सेल म्हणाला, बाईंकडे पुन्हा जाऊ, पाया पडू. ते दोघे गेलेही. तिने चहा पाजला आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून लाल अक्षरातली ओळ दाखवली. ती ओळ पुसायचं बटण तिच्याकडे नव्हतं. कोणाकडे आहे, हे तिलाही माहीत नव्हतं.

खोदाईचं मशीन नाक्यावर येऊन उभं राहिलं त्या दिवशी भंगारवाला गॅसकटर आणि दोन माणसं घेऊन शेडीत आला. एकाने नळी सोडवली, चष्मा चढवला, आणि दाराच्या खांबाला ज्योत लावणार, एवढ्यात भालचंद्रने त्याचा हात धरला.

“कापायचं नाही.”

“काका, कापे बिना कैसे ले जाएँगे?”

“उघडायचं. मी देतो उघडून. तुम्ही बाहेर बसा.”

माणसं बाहेर पायरीवर बसली, त्यांनी तंबाखू मळायला घेतली. सकाळ चढत होती, बावखलाच्या पलीकडे सुधाकरच्या घराची कौलं उतरवायला लागले होते. भालचंद्रने पाना घेतला आणि पुढच्या दारापासून सुरुवात केली. बिजागरीचा बोल्ट त्याने जरासा ढिला केला आणि बाकीचा बोटांनीच फिरवत काढला. दार सुटून हातात आलं. ते त्याने हलकेच भिंतीला टेकवलं, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून खाली गोणपाट घातलं, आणि दुसऱ्याकडे वळला.

जयवंती चहा घेऊन आली तोवर चारही दारं, बॉनेट, डिकीचं झाकण भिंतीला रांगेत उभी होती. तिने कप टेकवला.

“बसवायला केवढी वर्षं लावलीत,” ती म्हणाली, “आणि निघालं इतक्यात?”

“प्रत्येक बोल्टच्या आट्याला ग्रीस भरलं होतं,” भालचंद्र म्हणाला. “पुढं कधी कोणाला खोलायची झाली तर त्रास नको म्हणून.”

त्याने कप उचलला नाही. पट्टीचे खिळे राहिले होते. तो आत वाकला आणि फणसाचं लाकूड सोडवायला लागला.